ऐंशी टक्के परत मिळणार म्हणून फरसाणाचा कारखाना लातूरला न्यावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताईंचा पुण्याजवळ भाड्याच्या शेडमध्ये फरसाणाचा कारखाना आहे. शेव, पापडी, चिवडा, भाजणीची चकली. उलाढाल सव्वादोन कोटींची, कामाला चौदा बायका. शेड पुरत नाही, मालक भाडं वाढवतोय. सासर लातूर जिल्ह्यात. मोठे दीर म्हणतात, रस्त्यालगतची आपली जमीन पडून आहे, तिथे बांधा. एका सल्लागारांनी तक्ता करून दिला आहे: गुंतवणूक १ कोटी ६० लाख, तालुका मागास गटात असल्यानं त्यातले ८० टक्के म्हणजे १ कोटी २८ लाख दहा वर्षांत सरकारकडून परत, वर मुद्रांक शुल्क, वीज आणि व्याज यांत सवलत. नव्या कारखान्यातून वर्षाला तीन कोटींचा माल निघेल, दोन कोटींचा पुणे-मुंबईला आणि एक कोटीचा बीदर-हैदराबादला, असा अंदाज आहे. बँक राहता फ्लॅट तारण मागते आहे. सल्लागारांना ५० हजार आगाऊ हवेत, महिनाअखेर होकार हवा आहे, आणि यंत्रांची कोटेशन "थोडी वाढवून" आणावीत असं ते सुचवतात. मिस्टर म्हणतात, अशी संधी पुन्हा येणार नाही. ताई विचारतात, काय करू?

उत्तर

ताई,

पत्रासोबतचा तक्ता ओळ न् ओळ वाचला. बेरजा-गुणाकार बरोबर आहेत. तरीही त्यावर विसंबून फ्लॅट तारण ठेवू नका, असं मी आधीच सांगून टाकते. त्याची कारणं जरा विस्तारानं लिहिते, कारण असेच तक्ते हाती घेऊन बसलेले बरेच जण हे सदर वाचतात.

तक्त्यातले ८० टक्के ज्या योजनेतले आहेत, ती राज्य सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे. उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच साठू नयेत, मागास तालुक्यांत पसरावेत, हा तिचा हेतू. म्हणून तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट आणि विनाउद्योग जिल्हे, नक्षलग्रस्त भाग असे वेगळे वर्ग पाडले जातात. तालुका जितका मागे, तितकी टक्केवारी मोठी आणि मुदत लांब. हेतू चांगला आहे आणि योजना खरी आहे, त्याबद्दल शंका नको.

घोळ त्या ८० टक्क्यांत आहे. ही टक्केवारी म्हणजे कमाल मर्यादा. प्रत्यक्ष मिळते ती रक्कम तुमच्याच विक्रीवर जमा झालेल्या एसजीएसटीतून, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्यातून. पूर्वी विक्रीकर माफ व्हायचा किंवा पुढे ढकलला जायचा. तो मार्ग आता बंद आहे आणि १ जुलै २०१७ पासून विक्रीकराच्या जागी जीएसटी आहे. आता कर आधी भरायचा, मग राज्य आपल्या तिजोरीतून त्यातला वाटा औद्योगिक विकास अनुदान म्हणून परत देतं. म्हणजे दहा वर्षांत एसजीएसटी जमा झाला ५० लाख, तर मर्यादा १ कोटी २८ लाखांची असली तरी मिळणार ५० लाखांच्या आतच.

आता तुमचे आकडे मांडू. आपल्या बाजूनं सगळ्यात चांगलं घडेल असं धरू, म्हणजे एसजीएसटीचा रुपयान् रुपया परत मिळेल. पाकीटबंद फरसाणावर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता, त्यातला राज्याचा वाटा ६ टक्के. दोन कोटींवर वर्षाला १२ लाख, दहा वर्षांत १ कोटी २० लाख. सल्लागारांचा आकडा याच्या जवळपास जातो, म्हणून तक्ता पटतो. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण-नमकीन ५ टक्क्यांत आलं. राज्याचा वाटा अडीच टक्के. दोन कोटींवर वर्षाला ५ लाख, दहा वर्षांत ५० लाख. तक्ता जुन्या दरावर बेतलेला आहे. ग्राहकासाठी कर कमी झाला ही चांगलीच गोष्ट, पण ज्या हौदातून तुमचं अनुदान यायचं त्याचं पाणी निम्म्याहून खाली गेलं. बिस्किटं, लोणची, सॉस, जॅम बनवणाऱ्यांनीही आपापले जुने तक्ते याच कारणासाठी पुन्हा तपासावेत.

मी तीन कोटी न धरता दोन कोटी का धरले, ते सांगते. हे अनुदान महाराष्ट्रात बिल होऊन महाराष्ट्रातच पोचलेल्या पहिल्या विक्रीवर मोजतात. बीदर आणि हैदराबादच्या मालावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी लागतो, तो या हिशेबात येत नाही. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. लातूरला कारखाना काढण्यात धंद्याच्या दृष्टीनं खरी गंमत कुठे आहे? बीदर हाकेच्या अंतरावर आहे, पुढे जहीराबाद, हैदराबाद. पुणं मात्र सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. म्हणजे लातूरची नैसर्गिक बाजारपेठ राज्याबाहेर आणि अनुदान राज्यातल्या विक्रीवर. अनुदान वसूल करायचं म्हणून तुम्ही लातूरहून पुण्याला गाड्या पाठवत राहाल आणि शेजारचं गिऱ्हाईक दुसरा कोणीतरी घेऊन जाईल.

गाडीभाड्याचा आकडा तुम्हीच पत्रात दिला आहे: पुण्यापर्यंत एका आयशरचे १४ हजार, आठवड्याला एक गाडी. वर्षाचे ७ लाख २८ हजार. सध्या महिन्याला एक गाडी बेसन लातूरच्या डाळमिलमधूनच येतं, ते भाडं वाचेल, १ लाख ६८ हजार. म्हणजे निव्वळ भुर्दंड ५ लाख ६० हजार. अनुदान ५ लाख. शिवाय बेसन पोत्यात दाबून भरता येतं. नायट्रोजन भरलेली फरसाणाची पाकिटं दाबता येत नाहीत, गाडी वजनाआधी जागेनं भरते. विक्री वाढली की भाडं त्याच वेगानं वाढेल.

त्या ५ लाखांवर आयकरही आहे. २०१५ च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान उत्पन्नात धरलं जातं. जे अनुदान यंत्र किंवा इमारतीच्या किमतीतून वजा होतं, तेवढ्याला वेगळा नियम आहे. विक्रीशी बांधलेलं अनुदान तुमच्या उत्पन्नात येईल. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात साडेतीन लाखांच्या आसपास उरतात. हे सल्लागार सांगत नाहीत, कारण त्यांचं काम दावा मंजूर होईपर्यंतचं असतं. तुमच्या सीएंना विचारा.

आणि हे पैसे येणार कधी? उत्पादन सुरू झालं की पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज. मग आर्थिक वर्ष संपायचं, विवरणपत्रं भरायची, सीएंचा दाखला घ्यायचा, दावा जिल्हा उद्योग केंद्रात द्यायचा. छाननी, मंजुरी, आणि त्यानंतर अर्थसंकल्पात तरतूद असेल तसं वाटप. मंजुरीचं पत्र हातात आणि पैसे खात्यात, या दोन्हींत बराच काळ जाऊ शकतो. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच वळता होतो. लहान उद्योग बुडतात ते बहुधा या मधल्या काळात, ताई. माल खपत असतो, अनुदानही कागदावर मंजूर असतं, फक्त या महिन्याचा तेलाचा टँकर आणि हप्ता एकाच आठवड्यात येतात.

तक्त्यातल्या बाकीच्या सवलती एकसारख्या नाहीत. मुद्रांक शुल्काची माफी आणि वीज शुल्काची माफी या चांगल्या, कारण त्या तिथल्या तिथे मिळतात. दावा करून वाट पाहावी लागत नाही. मात्र मुद्रांक शुल्कासाठी दस्त नोंदवण्याआधी जिल्हा उद्योग केंद्राचं प्रमाणपत्र हातात हवं. वीजदरातली सवलत युनिटवर आहे आणि तुमची कढई गॅसवर तापते. तुमचं बिल महिन्याला वीस हजारांचं, त्यात फार काही सुटणार नाही. व्याज सवलतीचंही तसंच. २०१३ च्या योजनेत ती ५ टक्क्यांपर्यंत होती, पण त्या वर्षीच्या वीजबिलाच्या रकमेपेक्षा जास्त मिळणार नाही अशी अट होती. वीज जास्त खाणाऱ्या कारखान्याला ती अट जाचत नाही. तुम्हाला वर्षाला २ लाख ४० हजारांवर थांबवेल. आत्ता लागू असलेल्या शासन निर्णयात ही ओळ कशी आहे, ते जिल्हा उद्योग केंद्रात बोटानं दाखवून विचारा.

आता मिस्टरांचं म्हणणं, की ही संधी पुन्हा येणार नाही. ही भावना कुठून येते ते मला कळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा घराघरांत चर्चा झाली. सवलत ज्याची मोठी त्याच्याकडे उद्योग जातो, असं सगळ्यांच्याच मनात बसलं. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, त्याची चर्चा तेवढी झाली नाही. ते प्रकल्प वेगळे. त्यांच्यासाठी मंत्रिमंडळाच्या पातळीवर खास सवलती ठरतात. तुम्हाला-मला शासन निर्णयातला छापील तक्ता लागू होतो. आणि मोठ्यांच्या बाबतीतही सवलतीनं किती फरक पडतो? अमेरिकेतली राज्यं अशा करसवलतींवर प्रचंड खर्च करतात. तिथले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला, की सवलतीमुळेच निर्णय फिरला अशा कंपन्या शंभरात २ ते २५. बाकीच्या तिथे तशाही गेल्या असत्या. कामगार, बाजारपेठ, वाहतूक आणि वीज बघून माणसं कारखाना काढतात.

कामगारांचं तर तुमच्या पत्रात तुम्ही एका वाक्यात उरकलं आहे, पण मी त्या वाक्यावर थांबले. तुम्ही लिहिता, भाजणीत मोहन घालून पीठ मळल्यावर चकलीला काटे नीट उठतील की नाही, हे हाताला सांगता येणाऱ्या दोघीच आहेत. त्या दोघी लातूरला येणार नाहीत. घरं, मुलांच्या शाळा, नवऱ्यांच्या नोकऱ्या इथे आहेत. तुमची चकली दुकानदार मागून घेतात, शेव तशी कोणाचीही चालते, हेही तुम्हीच लिहिलं आहे. मग तक्त्यात या दोघींची किंमत कुठे धरली आहे? यंत्रांचा एक कोटी आहे, बांधकामाचे साठ लाख आहेत. त्यांच्यासाठी रकाना नाही.

याचा अर्थ लातूर नकोच, असा नाही. दोन गोष्टी तिथे तुमच्या बाजूच्या आहेत: डाळ-बेसन दारात आणि हैदराबादची वाट मोकळी. म्हणून मी म्हणेन, चकली-चिवडा पुण्यातच राहू दे. इथली शेड बदलायची तर बदला, पाकीटबंद करण्याचं यंत्र चांगलं घ्या. त्यासाठी केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना, पीएमएफएमई, तुमच्या मापाची आहे: पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. चालू उद्योगालाही ती मिळते. ही रक्कम बँकेत वेगळी ठेवली जाते आणि तीन वर्षं खातं नियमित राहिलं की कर्जात वळती होते. महाराष्ट्रात ती कृषी विभागाकडे आहे. प्रस्ताव करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात, त्यांना तुम्ही पैसे द्यायचे नसतात. अर्जाच्या वर्षी योजना सुरू आहे एवढी खात्री करून घ्या. अनेक जण केंद्राच्या पीएमईजीपी या रोजगारनिर्मिती योजनेबद्दल विचारतात. ती नव्यानं सुरू होणाऱ्या उद्योगासाठी आहे; चालू कारखान्याला त्यातून पहिलं कर्ज मिळत नाही.

बीदर-हैदराबादचा बाजार आधी पुण्यातून माल पाठवूनच चाचपून बघा. तिथला वितरक वर्षभर उधारी वेळेवर चुकवतो का, शेव-पापडी परत किती येते, हे कळू द्या. ते जमलं तर लातूरला फक्त शेव-पापडीचा छोटा घटक काढा. तेव्हा तो खरोखर नवा घटक असेल. इथली जुनी कढई आणि यंत्रं उचलून तिकडे नेली तर तो नवा उद्योग ठरेलच असं नाही आणि जुनी यंत्रं गुंतवणुकीत धरून मिळत नाहीत. त्या घटकाची खरेदी, विक्री, वीज, पगार यांची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. एकाच राज्यात एकाच जीएसटी क्रमांकावर दोन्ही ठिकाणं चालतात, म्हणून कुठला माल कुठून निघाला हे नंतर सिद्ध करताना लोकांचे हाल होतात. नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिक माणसं ही अटही असते. तुम्हाला ती अवघड नाही.

तोपर्यंत एक काम घरी बसून करता येईल. तक्ता पुन्हा मांडा आणि अनुदानाच्या रकान्यात शून्य लिहा. भाडं वाचेल ते धरा, गाडीभाडं धरा, व्याज धरा, नव्या बायका शिकेपर्यंत वाया जाणारा माल धरा. शून्यावरही हप्ता निघत असेल तर कारखाना काढा आणि मग हक्काची सवलत जरूर मागा. तो तुमचा अधिकार आहे, सोडायचं कारण नाही.

तक्त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. २०१७ मध्ये राज्यानं महिला उद्योजकांसाठी वेगळं धोरण आणलं. उद्योगाची मालकी पूर्णपणे महिलांकडे आणि कामगारांत किमान निम्म्या महिला, अशा घटकांसाठी भांडवली अनुदानासह काही सवलती त्यात आहेत. तुमच्याकडे चौदाच्या चौदा बायका आहेत. पण कारखाना तुमच्या एकटीच्या नावावर आहे की मिस्टरांबरोबर भागीदारीत, हे पत्रात नाही. नवा घटक कोणाच्या नावावर काढायचा हे ठरवण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात या धोरणाबद्दल विचारा.

कोटेशन वाढवून आणण्याबद्दल माझं उत्तर सरळ नाही असं आहे. ती बँकेची आणि सरकारची फसवणूक आहे. पुरवठादाराचं बिल, त्याचं जीएसटी विवरण, तुमचं बँक खातं, यांतली तफावत तपासणीत दिसते; मग दिलेलं अनुदान व्याजासकट वसूल होतं आणि सही तुमची असते, सल्लागाराची नाही. शिवाय वर पाहिलं तसं तुमची अडचण मर्यादेची नाहीच. मर्यादा १ कोटी २८ लाखांवरून दीड कोटी झाली तरी एसजीएसटी तेवढाच राहणार. वाढीव कोटेशननं तुम्हाला एक रुपयाही जास्त मिळत नाही, वाढतं ते कर्ज. हे सुचवणाऱ्या माणसाबरोबर काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरे सल्लागार घेतलेत तर करार लेखी करा: थोडी फी पात्रता प्रमाणपत्र मिळाल्यावर, उरलेली दाव्याचे पैसे तुमच्या खात्यात जमा झाल्यावर.

फ्लॅटबद्दल बँकेला एक प्रश्न लेखी विचारा: सीजीटीएमएसईच्या हमीखाली हे कर्ज का देता येत नाही? सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या विनातारण कर्जासाठी ही हमी आहे, आणि एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींपर्यंत नेली आहे. दरवर्षी शुल्क भरावं लागतं, ते हिशेबात धरा. एका बँकेनं नकार दिला तर दुसरीकडे जा.

शेवटी जमीन. मोठ्या दिरांनी मनापासून देऊ केली आहे, त्यांना "नको" म्हणणं जड जातंय हे पत्रातून जाणवलं. त्यांना "नको" म्हणू नका, "आधी कागद करू" म्हणा. सातबारावर मिस्टर, दीर आणि एका आत्यांचं नाव आहे असं तुम्ही लिहिता. तिघांच्याही सह्या असलेला, निदान पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा हवा. त्याआधी बिनशेतीचं काम आणि मंजूर नकाशा. याशिवाय बँक कर्ज देणार नाही आणि सवलतही अडेल. आत्या पुण्यातच असतात तर पहिली भेट त्यांचीच घ्या, मिस्टरांना बरोबर घेऊन. त्या सही करणार आहेत की हिस्सा मागणार आहेत, हे कळल्याशिवाय बाकीची कुठलीच तारीख ठरवता येत नाही. त्यामुळे सल्लागारांच्या महिनाअखेरीला उत्तर एवढंच द्या: होकार नाही, आणि ५० हजारही नाहीत.